मुंबई-नागपूर विमान ‘एका तासात’ का पोहोचत नाही?

‘मुंबई-नागपूर अंतर ८३७ किमी, विमानाचा वेग ताशी ८५० किमी, मग प्रवास एका तासाचाच, कंपन्या अर्धा तास उगाच वाढवून दाखवतात,’ असा मजकूर फिरतोय. हा हिशेब पायापासून चुकलेला आहे.

८३७ किमी हे सीएसएमटी ते नागपूर, भुसावळमार्गे रेल्वेचं अंतर. दोन विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर साधारण ६८५ किमी.

मग दीड तास कसा? तिकिटावरची वेळ उड्डाणाची नसते. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि नागपूरला जागेवर थांबलं की बंद. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते. इंजिन चालू ठेवून रांगेत पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. दहा हजार फुटांखाली वेगमर्यादा २५० नॉट, म्हणजे ताशी जेमतेम ४६० किमी. उंची गाठायला वीसेक मिनिटं लागतात, आणि उतरणं नागपूरच्या दोनशे किमी अलीकडेच सुरू होतं. पूर्ण वेग मिळतो तो फक्त मधल्या टप्प्यात.

हिवाळ्यात वरचा पश्चिमी वारा जोरात असतो. तेव्हा नागपूरला जाताना काही मिनिटं वाचतात, परतताना तेवढीच जास्त लागतात.