ओट्याची मूळ स्थिती

घरमालकांचा काल संध्याकाळी संदेश आला: "फोटोत ओट्याचा रंग बदललेला दिसतो. विनापरवानगी बदल करारात बसत नाहीत. जागा सोडताना ओटा मूळ स्थितीत द्यावा, अन्यथा खर्च डिपॉझिटमधून वळता करण्यात येईल."

मूळ स्थितीत, म्हणजे पांढरट चट्ट्यांसकट, कुकरच्या बुडाच्या गोल खुणांसकट आणि सिंकच्या कडेला पांढरे सिमेंट निघून पडलेल्या त्या फटीसकट, जिच्यातून रात्री दिवा लावताच झुरळांचे अख्खे कुटुंब पळत असे. कोथरूडमधल्या या घराचा ओटा कडप्प्याचा आहे. कडप्पा ही चुनखडी असल्यामुळे लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो जे काही आंबट सांडेल ते दगडाला खाते आणि काळ्यावर पांढरे उमटते. त्यातच आधीच्या कोणा भाडेकरूने तो बहुधा संडास धुण्याच्या ॲसिडने स्वच्छ केला असावा, कारण चट्ट्याला ओघळ होते. हे सर्व मी राहायला आलो तेव्हाच दाखवले होते. त्यावर घरमालक प्रसन्नपणे म्हणाले होते, "स्टिकर लावा ना, सगळे लावतात."

संगमरवराचे चित्र छापलेल्या त्या चिकट कागदाइतका तिटकारा मला जगात फार थोड्या वस्तूंचा आहे. सिंकजवळ त्याची कड उचलली जाते, आत पाणी शिरते, पाण्याला वास येतो आणि गरम पातेले टेकले की संगमरवर आक्रसतो. म्हणून मी स्वखर्चाने आणि रविवारची झोप मोडून तो दगड पाणी टाकत पॉलिश पेपरने घासला. आधी १२० नंबरचा, मग २२०, शेवटी ४००. पूर्ण वाळल्यावर जवसाच्या तेलाचा पातळ हात दिला, जास्तीचे तेल पुसून काढले, सिंकची फट खरवडून सिलिकॉनने बंद केली. दगड पुन्हा काळा झाला. हाच तो विनापरवानगी बदल.

ज्या गृहस्थांना गळका नळ बदलायला सवड नव्हती, गीझरचा विषय काढला की ज्यांच्या फोनला नेमकी रेंज जात असे, आणि ज्यांनी भिंतीला खिळा ठोकू नये हे कलम करारात ठळक अक्षरांत घातले, त्यांना माझ्या ओट्याचा रंग मात्र फोटोवरून ओळखू आला. करार अर्थातच अकरा महिन्यांचा. वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही, म्हणून ही प्रथा पडली. पण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार इथे लीव्ह अँड लायसन्सचा करार कितीही मुदतीचा असला तरी लेखी करून नोंदवावाच लागतो. मग अकराच का? कारण अकरा महिन्यांनी भाडे वाढते आणि एजंटाचे कमिशन पुन्हा निघते.

हे सगळे कलमांसह लिहून मी एक करारी उत्तर तयार केले, त्यातली विशेषणे दोनदा धारदार केली आणि शेवटी "बरं काका, बघतो" एवढेच पाठवले. संतापाची माझी कुवत तेवढीच. शिवाय या ओट्याने माझी बुद्धी बिघडवली आहे हेही खरे. परवा नातेवाइकांकडे सत्यनारायणाला गेलो असता, एका हातात प्रसादाची वाटी धरून मी त्यांच्या ग्रॅनाइटच्या सांध्यावरून बोट फिरवत उभा होतो आणि यजमानीणबाई माझ्याकडे काळजीने पाहत होत्या.

खरे तर मूळ स्थिती आणणे अवघड नाही. व्हिनेगरची एक बाटली ओतून रात्रभर ठेवली की काकांचे सगळे चट्टे व्याजासह परत येतील. पण ज्या फोटोंवर त्यांचा आक्षेप आहे तेच फोटो एजंटाने जाहिरातीत लावले आहेत, खाली "नूतनीकरण केलेले स्वयंपाकघर" असे लिहिले आहे आणि भाडे माझ्यापेक्षा तीन हजारांनी जास्त मागितले आहे. उद्या सकाळी एक जोडपे घर पाहायला येणार आहे. त्याआधी ओट्यावर तेलाचा एक हात फिरवून ठेवा, उठून दिसतो, असे एजंटाने मलाच सांगितले आहे.