भगवं चीवर, चारुदत्ताची व्हीलचेअर आणि व्हॉट्सॲपी नाट्यशास्त्र

लोकमान्यनगर, सुदामानगर करत तो मेसेज शेवटी आमच्या आत्याच्या फोनवर येऊन थडकला आणि तिने फर्मान काढलं, ‘त्या नाटकाला आपण जायचं नाही हं.’ तेव्हा आता लिहिणं आलंच.

प्रकरण असं. इंदुरातली एक हौशी मंडळी शूद्रकाचं जुनं संस्कृत नाटक ‘मृच्छकटिक’ मराठीत बसवतेय. नायक चारुदत्त व्हीलचेअरवर, मंचाच्या कडेला सांकेतिक भाषेची दुभाषी, अधूनमधून माळवी, प्रयोग दोन तासांचा. मेसेजचं म्हणणं, हे सगळं भरताच्या नाट्यशास्त्राविरुद्ध. पुरावा म्हणून दुसऱ्या अध्यायातले तीन शब्द: ‘विकलाश्चैव ये नराः’. विकल, म्हणजे अपंग, माणसांना दूर ठेवा.

शब्द ग्रंथात आहेत, हे नाइलाजाने मान्य. पण दूर कुठून ठेवायचं? नाट्यगृहाचा पाया घालतानाच्या विधीपासून. नट कोण असावा, याबद्दल तिथे अवाक्षर नाही. शिवाय मेसेजवाल्याने ओळीचा पहिला भाग सोयीस्कर गिळलाय: ‘काषायवसनाश्चैव’. म्हणजे काषाय, भगवी वस्त्रं घातलेलेही दूर.

बरं, लावा हा नियम मंचावर. आठव्या अंकात राजाचा मेहुणा शकार नायिका वसंतसेनेचा गळा दाबतो आणि मेली समजून तिला सुक्या पानांखाली झाकून निघून जातो. तिला वाचवतो कोण? बौद्ध भिक्षू. ती पाणी मागते, तळं लांब असतं, म्हणून तो नुकतंच धुतलेलं आपलं चीवर तिच्यावर पिळतो. तेच ते काषाय वस्त्र! त्या भिक्षूला विंगेतच अडवलंत तर नायिका पानांखाली मेली आणि तिच्या खुनाच्या आरोपाखाली चारुदत्त सुळावर. शूद्रकाने मात्र शेवटी त्याच भिक्षूला सगळ्या विहारांचा मुख्य केलंय.

याच मेसेजात पुढे, ‘खुर्चीवरचा नायक पाहून रसभंग होतो.’ अहो, ज्या नाटकात वसंतसेना चुकीच्या गाडीत चढते म्हणून सगळं रामायण घडतं, त्यात आणखी दोन चाकं आली तर रस कुठे सांडतो? मी तालीम पाहिलीय. वधस्थानाकडे नेताना चांडाळ खुर्ची ढकलायला येतात, तर चारुदत्त चाकं दोन्ही हातांनी घट्ट धरतो. खुर्ची हलत नाही. मग तोच हात सैल सोडतो. असा चारुदत्त मी आधी पाहिला नव्हता.

भाषा भ्रष्ट केली म्हणे. मूळ नाटकाच्या प्रस्तावनेत सूत्रधार संस्कृत बोलता बोलता थांबतो आणि कार्यवशात्, प्रयोगवशात् आपण आता प्राकृतभाषी झालो, असं चक्क सांगून घरच्यांशी प्राकृतात बोलू लागतो. पुढेही निम्म्याहून अधिक पात्रं प्राकृतच बोलतात. नाटक घडतं उज्जयिनीत, इथून जेमतेम पंचावन्न किलोमीटरवर. तिथे माळवी नाही बोलायची तर काय पुणेरी बोलायची?

दुभाषीमुळे लक्ष विचलित होतं, ही तक्रार तर तुकोगंज ठाण्यात मूकबधिरांसाठी मदत केंद्र सुरू झालेल्या शहरात शोभतही नाही. त्याच दुसऱ्या अध्यायात भरताने 64 हात बाय 32 हातांपेक्षा मोठं नाट्यगृह नको म्हटलंय. का, तर शब्द नीट ऐकू येत नाहीत, चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. मागच्या रांगेची त्यालाही काळजी होती. आणि पहिल्या अध्यायात नाट्याला ‘सार्ववर्णिक’ पाचवा वेद म्हटलंय, ते पान बहुधा फॉरवर्ड झालं नाही.

राहिले दोन तास. इथे मेसेजवाल्याचं थोडं खरं आहे, काय करणार. दहा अंक दोन तासांत बसवताना यांनी तिसऱ्या अंकातली शर्विलकाची घरफोडी पार चार वाक्यांवर आणलीय. भिंतीला भोक कमळाच्या आकाराचं पाडू की चंद्रकोरीच्या, यावर चोर गंभीरपणे विचार करतो, मोजायची दोरी विसरला म्हणून जानव्याने माप घेतो, आणि हे कापायचं? मी दिग्दर्शकाला दोनदा सांगितलं. तो म्हणतो, पंधरा मिनिटं वाढतील. वाढू देत. आत्याची दोन तिकिटं मी काढून ठेवलीत.