तीन डिग्र्या राहू द्या, सुरी-काट्याची डिग्री घ्या

फ्रीमेसन म्हणजे गवंड्यांची अवजारं खुणा म्हणून मिरवणारी जुनी बंधुमंडळी, लॉज म्हणजे त्यांची शाखा, आणि तिथे डिग्र्या तीन. एंटर्ड अप्रेंटिस, फेलो क्राफ्ट आणि मास्टर मेसन. त्या मिळवायच्या तर डोळ्यावर पट्टी बांधून घ्या, पँटचा एक पाय गुडघ्यापर्यंत दुमडा, पानंच्या पानं पाठ करा, शपथा घ्या, म्हणजे एकूण भानगड फार. पण इंग्लंडातले मेसन थट्टेने आणखी एका डिग्रीचं नाव घेतात, नाइफ अँड फोर्क डिग्री. मीटिंगमध्ये ज्याचा डोळा लागतो आणि जेवणाची वर्दी आली की जो सगळ्यात आधी टक्क जागा होतो, तो नाइफ अँड फोर्क मेसन. लोक हे टोमणा म्हणून वापरतात, वापरू द्या. तुम्ही माझं ऐकाल तर सरळ हीच डिग्री घ्या. पाठांतर नाही, शपथ नाही, फक्त बसायला टेकू देणारी खुर्ची आणि सोसायला मजबूत पोट पाहिजे.

आणि मनात अजिबात खंत ठेवू नका की आपण एवढ्या थोर संस्थेत फक्त जेवायला येतोय. आधी पोटोबा मग विठोबा असं आपण म्हणतो, इथे तर विठोबाचा जन्मच खानावळीत झालाय. परंपरेने सांगतात ती तारीख 24 जून 1717, गाव लंडन, सेंट पॉलच्या आवारातला एक गुत्ता, नाव 'गूस अँड ग्रिडायर्न', म्हणजे बदक आणि ते भाजायची जाळी. चार लॉज एकत्र आले आणि पहिलं ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्या लॉजांवरची मध्यवर्ती संस्था, झालं. आता त्या चार लॉजांना नावंही धड नव्हती, ज्या गुत्त्यात बसायचे तेच नाव. एक हे बदकवालं, बाकीचे क्राउन, ॲपल ट्री आणि 'रमर अँड ग्रेप्स', रमर म्हणजे वाइनचा मोठा पेला. तेव्हा कुणी तुम्हाला खादाड म्हणून हिणवलंच तर शांतपणे सांगायचं की बाबा रे, मी मूळ परंपरेकडे वळलोय, तुम्हीच भरकटलात.

पुढचा पुरावाही हाताशी ठेवा. 1719 साली जॉन थिओफिलस डेझाग्युलिए ग्रँड मास्टर, म्हणजे ग्रँड लॉजचा प्रमुख, झाला. हा माणूस साधा नव्हे, पाद्री, वैज्ञानिक, न्यूटनचे प्रयोग लोकांसमोर करून दाखवणारा. अशा विद्वानाने ग्रँड मास्टर होऊन काय केलं, तर संस्थेच्याच 1738 च्या घटनेच्या पुस्तकात नोंद आहे की त्याने मेसन मंडळींचे जुने टोस्ट, म्हणजे कुणाच्या तरी नावाने पेला उचलून पिणं, पुन्हा सुरू केले. गुरुत्वाकर्षण समजलेला माणूस पेला वर उचलायला सांगतोय म्हटल्यावर आपण कोण शंका घेणार.

एक अडचण मात्र आहे. जेम्स अँडरसनने 1723 मध्ये घटना छापली त्यात स्पष्ट लिहून ठेवलंय की मौज करा पण अतिरेक टाळा, आणि कुठल्याही भावाला, म्हणजे मेसनाला, त्याच्या मनाविरुद्ध खायला-प्यायला भाग पाडू नका. हा नियम तुम्ही पाठ करा, मान डोलवत लोकांना ऐकवा आणि मग टोस्टची यादी हातात घ्या. पंधरा वर्षांनी या नियमाचं काय झालं होतं ते विल्यम होगार्थच्या 'नाइट' या 1738 च्या चित्रात बघायला मिळतं. होगार्थ स्वतः मेसन, वर 1735 मध्ये ग्रँड स्टुअर्ड, म्हणजे मेजवानीचा बंदोबस्त बघणाऱ्यांपैकी, त्यामुळे घरचा भेदी म्हणा. चित्रात ॲप्रन घातलेला, गळ्यात लॉजच्या मास्टरचा, म्हणजे प्रमुखाचा, गुण्या (गवंड्याचा काटकोन) लटकवलेला एक झिंगलेला मेसन दुसऱ्याच्या आधाराने घरी चाललाय आणि वरच्या खिडकीतून त्याच्या डोक्यावर रात्रीच्या लघवीचं भांडं रिकामं होतंय. लोक म्हणतात तो थॉमस डी व्हेल, जिन विकणाऱ्यांना शिक्षा ठोठावणारा मॅजिस्ट्रेट. तर जेवण झाल्यावर रस्त्याच्या मधोमध चाला, एवढा धडा पुरे.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. इंग्रजी लॉजमध्ये या जेवणाला फेस्टिव्ह बोर्ड म्हणतात. नावात फेस्टिव्ह आहे म्हणून तुम्ही लगेच हातपाय पसरून बसाल, तर तसं नसतं. वरच्या टेबलावर मधोमध वर्शिपफुल मास्टर, आणि बाजूंना मान्यवर मानाच्या उतरंडीने. मास्टरपुढे लाकडी हातोडी. तो ठोकतो, मग दोन्ही वॉर्डन, म्हणजे त्याच्या हाताखालचे दोन अधिकारी, आपापल्या जागेवरून ठोकतात, म्हणजे एका वाक्यासाठी तीनदा ठकठक. मग डायरेक्टर ऑफ सेरेमनीज, ज्याला सगळे डीसी म्हणतात, उभा राहून खणखणीत आवाजात जाहीर करतो की मास्टर आता अमक्यांबरोबर वाइन घेऊ इच्छितात. ते अमके उठतात, मास्टर उठतो, एकमेकांकडे बघतात, एक घोट, बसतात. तुम्ही सूपचा चमचा तोंडापाशी नेला की पुन्हा ठक. आता वॉर्डनबरोबर. पुन्हा ठक, आता ग्रँड ऑफिसर मंडळींबरोबर. मग प्रांतिक अधिकारी, मग आजचा नवा भाऊ, मग पाहुणे, मग पाहुण्यांना घेऊन आलेले, आणि जे कुठल्याच खात्यात बसत नाहीत ते उरले म्हणून शेवटी सगळ्यांबरोबर. सूप गरम प्यायची ज्याला हौस असेल त्याने लॉजच्या वाटेला जाऊ नये. अनुभवी लोक चमचा खाली ठेवतच नाहीत, चमचा उजव्या हातात, पेला डाव्या हाताशी, आणि कान डीसीकडे. तुम्ही कुठल्या गटात मोडता हे आठवत नसेल तर शेजारचा उठला की उठा. चुकीच्या वेळी उठलात तरी कोणी काही बोलत नाही, बसलेल्याकडे मात्र सगळे बघतात.

हे झालं वाइन घेणं, हे टोस्ट नव्हेत हं, गल्लत करू नका. टोस्ट नंतर. नमनाला घडाभर तेल म्हणतात ना, ते घडाभर तेल आत्ताशी संपलं.

टोस्टच्या आधी पेले भरले आहेत का याची रीतसर चौकशी होते. काही ठिकाणी मास्टर वॉर्डनना विचारतो, तुमच्याकडे सगळं चार्ज झालंय का, आणि पश्चिमेकडून, दक्षिणेकडून उत्तर येतं की हो, झालंय. एका खोलीतल्या एका टेबलाच्या दोन टोकांना पश्चिम आणि दक्षिण म्हणायचं, हसायचं नाही. मग यादी. आधी राजा आणि क्राफ्ट, म्हणजे खुद्द मेसन मंडळी. मग मोस्ट वर्शिपफुल ग्रँड मास्टर, ही गादी राजघराण्यातल्या ड्यूक ऑफ केंट यांच्याकडे 1967 मध्ये आली, तेव्हा त्या नावाने किती पेले रिकामे झाले असतील त्याचा हिशोब तुम्हीच करा. मग प्रो ग्रँड मास्टर, डेप्युटी ग्रँड मास्टर, असिस्टंट ग्रँड मास्टर आणि उरलेले सर्व ग्रँड ऑफिसर, आजी आणि माजी. हे 'आजी आणि माजी' फार महत्त्वाचं, कारण पद गेलं तरी टोस्ट जात नाही. मग हाच सगळा क्रम प्रांताचा, पुन्हा आजी आणि माजी. मग खुद्द मास्टर. मग नवा भाऊ. मग पाहुणे. यातल्या बऱ्याच टोस्टना कुणीतरी उत्तर देतो आणि उत्तर देणारा उठताना हमखास म्हणतो की मी तुमचा फार वेळ घेणार नाही. हे वाक्य ऐकलं की खुर्ची थोडी मागे सरकवून पाय मोकळे करून घ्या.

पाहुणा म्हणून उत्तर द्यायची पाळी तुमच्यावर आली तर घाबरू नका, भाषण तयारच आहे. विधी अप्रतिम झाला म्हणायचं, तुम्ही झोपला होतात तरी म्हणायचं. जेवण त्याहून अप्रतिम झालं म्हणायचं. धर्म आणि राजकारण हे दोन विषय लॉजमध्ये वर्ज्य, त्यामुळे तुमच्याकडे बोलायला तसंही फारसं काही उरत नाही, आणि खरं सांगायचं तर एवढी माणसं एवढा वेळ एका टेबलावर न भांडता बसतात त्याचं श्रेय मी बंधुभावाआधी या बंदीला देईन.

प्रत्येक टोस्टनंतर येते ती फायर, आणि इथे तुमची खरी परीक्षा आहे. पॉइंट, लेफ्ट, राइट, पॉइंट, लेफ्ट, राइट, असं तीनदा हात फिरवायचा आणि मग सगळ्यांनी एकदम दणका, त्यानंतर तीन-तीनच्या टाळ्या. आता बहुतेक जागी हाताने करतात पण जुन्या काळी पेलाच टेबलावर आपटायचे आणि त्यासाठी फायरिंग ग्लास नावाचा खास पेला असायचा, बुटका, जाड बुडाचा, नाजूक दांड्याच्या पेल्याने हा प्रयोग एकदाच करता येतो. बंदुकांची सलामी झडल्यासारखा आवाज यावा अशी अपेक्षा असते. आणि गंमत अशी की लॉजागणिक त्यात थोडाफार फरक असतो, त्यामुळे तुम्ही आपल्या घरच्या सवयीने टाळी वाजवता आणि खोलीत सगळीकडे शांतता असते. अशा वेळी चेहरा असा ठेवा की चूक बाकीच्यांची झाली.

फ्रेंच मेसननी तर ही बंदुकीची गोष्ट इतकी मनावर घेतली की अख्खं जेवणच लष्करी करून टाकलं. त्यांच्या टेबल लॉजमध्ये पेल्याला तोफ म्हणायचं, वाइन म्हणजे दारूगोळ्यातली पावडर, जोरदार पावडर, पाणी म्हणजे कमजोर पावडर, कॉफी काळी पावडर. बाटली म्हणजे पिंप. रुमाल म्हणजे झेंडा, सुरी म्हणजे तलवार. मग मधेच कुणाला आठवलं असावं की अरे आपण तर गवंडी, म्हणून काटा म्हणजे कुदळ, चमचा म्हणजे थापी, मीठ म्हणजे वाळू आणि पाव म्हणजे अनघड दगड. जरा कल्पना करा, थापीवर वाळू घेऊन दगडाला लावायची आणि तोफेतून पावडर उडवायची, आणि हे सगळं तोंड गंभीर ठेवून. माझ्या मते पाण्याला कमजोर पावडर म्हणणारी माणसं मनाने प्रामाणिक असतात. घरी मात्र हे शब्द वापरू नका, दगड जरा मऊ झालाय म्हणालात तर समोरची व्यक्ती तलवार उचलेल.

आणि हे सगळं गुप्त बरं का. अळीमिळी गुपचिळी. पण शंभर गळे एकदम गाणार, दणके घालणार, तर गुप्त राहणार किती. 1737 साली पॅरिसच्या पोलिसांनी शापलो नावाच्या एका खानावळवाल्यावर धाड घातली, मेसनना जागा दिली म्हणून, त्याला 1000 लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) दंड झाला आणि सहा महिने खानावळीचं दार भिंत घालून बुजवून टाकायचा हुकूम निघाला. म्हणजे गवंड्यांना जेवू घातलं म्हणून गवंडी बोलावून दार चिणायचं, असा विनोद सरकारलाच सुचतो. यातून आपण घ्यायचा तो बोध हाच की जागा दुसऱ्याच्या नावावर बुक करा. (अमेरिकेत कित्येक ग्रँड लॉजांनी लॉजच्या इमारतीत दारूलाच बंदी घातली, तिथे दणके कशाच्या जोरावर घालतात ते तेच जाणोत.)

नवा भाऊ असाल, तर तुम्हाला मास्टरच्या उजव्या हाताला बसवतील. खूष होऊ नका, ती जागा पळून जाता येऊ नये म्हणून असावी असा माझा संशय आहे. तुमच्यासाठी एंटर्ड अप्रेंटिसचं गाणं म्हणतील, मॅथ्यू बर्कहेड नावाच्या नटाचं, 1723 च्या त्या घटनेच्या पुस्तकातच छापलेलं. शेवटच्या कडव्याला सगळे एकमेकांचे हात धरतात. तुम्ही काय करायचं तर लाजल्यासारखं हसायचं, आणि ते हसू सगळी कडवी संपेपर्यंत टिकवायचं, गालाचे स्नायू दुखतात पण संध्याकाळचा खरा विधी तोच.

जेवता जेवता घड्याळाकडेही लक्ष असू द्या. बरोबर नऊ वाजता काटे काटकोनात येतात, गुण्या होतो, आणि तेव्हा गैरहजर भावांच्या नावाने पेला उचलायची पद्धत कित्येक लॉजांत आहे. मला ही सगळ्यात गोड वाटते, मनापासून सांगतो. अर्थात काटे तीन वाजताही काटकोनातच असतात पण दुपारी तीनला गैरहजरांची आठवण कुणाला येते. आणि गैरहजर माणूस शहाणा, तो आत्ता घरी गरम सूप पितोय, याचाही मान राखायला हवा.

मग रॅफल होते, तिकिटं घ्या, पैसा धर्मादायाला जातो आणि लॉजवाले दानधर्म खरोखर करतात, त्यावर थट्टा नाही. बक्षिसात तुम्हीच आणलेली बाटली तुम्हालाच लागली तर ती पुढच्या वेळेसाठी ठेवून द्या.

आता शेवट. टायलर म्हणजे लॉजच्या बंद दाराबाहेर उपसलेली तलवार घेऊन उभा असतो तो. आत दिवे, विधी, मंत्र, हा बाहेर पॅसेजमध्ये. आजी झाले, माजी झाले, सगळ्यांच्या नावाने पेले उचलून झाले की मग या माणसाला शेवटचा टोस्ट म्हणायला सांगतात. तो टोस्ट कुणासाठी, तर पृथ्वीवर आणि पाण्यावर जिथे कुठे विखुरलेले असतील त्या सगळ्या गरीब आणि संकटात सापडलेल्या मेसनांसाठी. त्यांची दुःखं लवकर सरोत आणि त्यांची इच्छा असेल तर ते सुखरूप मायदेशी परतोत. 'इच्छा असेल तर' हे आवर्जून म्हणतात. संबंध संध्याकाळभर टेबलावर कुणाला इच्छा विचारलेली नसते, ती इथे विचारतात, ती पण समोर नसलेल्यांना.

याच वेळी तुमचा एक हात कोटाच्या बाहीत गेलेला असेल, शेजारी शेवटच्या गाडीची वेळ बघत असेल, आणि बाटली कधीच संपलेली असेल. म्हणून सांगतो, एक घोट आधीपासून राखून ठेवा. नसेलच राहिला तर रिकामा पेला उचला, जाड बुडाचा असेल तर आत काय आहे ते कुणाला दिसत नाही, आणि फायर मात्र एवढी दणक्यात करा की पॅसेजमध्ये ऐकू गेली पाहिजे, तिथे आता कुणीच उभं नसलं तरी.