सूचनाफलकावरची साखर

आमच्या सोसायटीत कोजागिरीच्या रात्री गच्चीवर सिनेमा दाखवण्याची प्रथा आहे, आणि एका वर्षी ज्याने सिनेमा निवडला त्याने पुढच्या वर्षी आजारी पडायचे, हाही त्या प्रथेचाच भाग आहे. गेल्या वर्षीचे गृहस्थ गणपती उठल्याबरोबर कंबर धरून चालू लागले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. सचिव घरी आले, त्यांनी चहा घेतला आणि उठता उठता म्हणाले, “तुम्ही लिहिता-वाचता, तुम्हाला काय अवघड आहे?” लिहिण्यावाचण्याचा शेवट असा होतो हे ठाऊक असते, तर मी बालवाडीतच सावध झालो असतो.

अटी मोजक्या होत्या. मारामारी नको, भुतेखेते नकोत, पुढारी नकोत, आणि आठ वर्षांच्या नातवापासून ऐंशीच्या आजोबांपर्यंत सर्वांना एका सतरंजीवर बसून बघता आला पाहिजे. मी चार रात्री डोके खाजवून ‘चीनी कम’ सुचवला. २००७ साली आलेला हा आर. बाल्की यांचा पहिला चित्रपट. लंडनमध्ये भारतीय उपाहारगृह चालवणारा ६४ वर्षांचा तिरसट शेफ, त्याचा जाफरानी पुलाव परत पाठवणारी ३४ वर्षांची पाहुणी, अमिताभ बच्चन आणि तब्बू, पाऊस आणि छत्री, वर इळैयाराजांचे संगीत. यात कुणाचे काय दुखणार होते?

दुखायला सुरुवात सूचनाफलकापासून झाली. सचिवांना कागद वाचवण्याचा नाद आहे. त्यांनी पाव कागदावर एकाखाली एक लिहिले: ‘कोजागिरी. मसाला दूध. चीनी कम. रात्री ९ वाजता. गच्चीवर.’ दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ते वाचले आणि सोसायटीने मुलांच्या मंच्युरियनला अखेर आळा घातला, असे समजून मला जिन्यात थांबवून शाबासकी दिली. मधुमेही मंडळींना वाटले की इतक्या वर्षांनी आपला कुणीतरी विचार केला, आणि त्यांनी वर्गणी मागण्याआधी आणून दिली. त्या दोन दिवसांत मी सोसायटीत जितका लोकप्रिय होतो, तितका पूर्वी कधी नव्हतो आणि यापुढे होण्याचा संभव नाही.

कोजागिरीची रात्र सिनेमा दाखवायला वर्षातली सर्वांत गैरसोयीची असते, ही गोष्ट दरवर्षी गच्चीवर गेल्यावरच सर्वांना आठवते. पाण्याच्या टाकीला पांढरी चादर बांधली होती आणि तिच्यावर प्रोजेक्टरपेक्षा चंद्राचाच प्रकाश अधिक पडत होता. अमिताभची पांढरी शेंडी चादरीत विरघळून गेल्यामुळे बराच वेळ मागच्या रांगेला तो मागून टकला वाटला. गंगापूर धरणाकडून गार वारा येत होता आणि त्या वाऱ्याने चादर हलली की लंडन हलत होते.

पहिल्या वीस मिनिटांत मला घाम फुटला. त्या शेफच्या शेजारी एक लहान मुलगी राहते, ती आजारी आहे, आणि तो तिला एका लाडक्या टोपणनावाने हाक मारतो. ते नाव मी साफ विसरलो होतो. गणेशोत्सवातले दोन दणकट स्पीकर लावलेले असल्यामुळे ते आमच्या सोसायटीत तर पोहोचलेच, पण समोरच्या इमारतीतही दोन खिडक्या उघडल्या. चार आजोबांनी एकाच वेळी चंद्राकडे पाहिले. एका नातवाने अर्थ विचारला आणि मी घाबरून “म्हणजे हुशार” असे सांगितले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हॅनमधून त्याने आपल्या आजीला त्याच नावाने टाटा केला, हे मला त्या आजींनीच येऊन सांगितले.

पण खरा पेच पुलावाने घातला. कथेचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे: ती पाहुणी हैदराबादी जाफरानी पुलाव गोड लागतो म्हणून परत पाठवते, शेफ तिचा अपमान करतो, दुसऱ्या दिवशी ती स्वतः केलेला पुलाव पाठवते, आणि मग त्याला उमगते की आपल्याच स्वयंपाकघरात मिठाऐवजी साखर पडली होती. इथून प्रेम सुरू होते. आमच्या गच्चीवर मात्र इथेच सिनेमा थांबला, कारण दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मोठ्याने विचारले, “अहो, पण केशर घातलेला भात गोडच असतो ना? साखरभात तो! परत कशाला पाठवला तिने?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि बाल्कींकडेही असेल असे मला वाटत नाही. केशर, लवंगा, तूप आणि तांदूळ एका पातेल्यात आले की साखरेच्या पाकाखेरीज दुसरे काही डोळ्यांपुढे येत नाही, अशा पिढ्यानपिढ्यांच्या जिभा तिथे सतरंजीवर बसल्या होत्या. हैदराबादचा तो पुलाव तिखटमिठाचा असतो, असे मी समजावू लागलो. “मग केशर का वाया घालवायचे? हळद घालावी,” असा निकाल मिळाला. पाहता पाहता सर्व महिलावर्ग शेफच्या बाजूने गेला. पाचव्या मजल्यावरच्या वहिनींनी नोंदवले की लिंबू पिळून घेतले असते तर एवढे रामायण झाले नसते, आणि साखरभाताला शेवटी लिंबू लागतेच, याला तीन जणींनी दुजोरा दिला. त्यानंतरचा अर्धा तास तब्बू जे काही बोलली, ते एका आगाऊ आणि अन्नाला नावे ठेवणाऱ्या मुलीचे बोलणे म्हणून ऐकले गेले. एवढी समंजस अभिनेत्री, पण एका भातापायी आमच्या गच्चीवर तिला कुणी माफ केले नाही.

तळमजल्यावर राहणारे केटरर पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते. लग्नाच्या हंगामात ते दिवसाला हजार पाने उठवतात आणि त्यांच्या मते जगात आचारी दोनच प्रकारचे असतात, आगीजवळचे आणि गल्ल्याजवळचे. चादरीवरचा शेफ त्यांनी लगेच दुसऱ्या गटात टाकला. “हातात झारा दिसला का तुम्हाला एकदा तरी? नुसता ओरडतोय. आणि मीठ-साखर एका फळीवर ठेवतो, तो कसला आचारी?” केशर आधी कोमट दुधात भिजत घालावे लागते, मगच रंग उतरतो, हे त्यांनी इतके रंगवून सांगितले की त्या नादात आमचा कुतुबमिनारचा भाग निम्मा निसटला.

हे बोलणे चालू असताना मध्यंतर झाले आणि दूध आले. वीस लिटर दूध आटवून केलेले, वेलची, जायफळ, चारोळी, बदामाचे काप, वर केशर, आणि पेल्यात चंद्र. सर्वांनी एकदमच पहिला घोट घेतला आणि सर्वांनी एकदमच केटररकडे पाहिले. दूध अगोड होते. केटररच्या हाताखालच्या उत्तर प्रदेशातल्या आचाऱ्याला बोलावणे गेले. त्याने काही न बोलता खाली जाऊन फलकावरचा कागद काढून आणला आणि ‘मसाला दूध’ या शब्दांखालच्या ओळीवर बोट ठेवले. पाव कागदापैकी जेवढा मजकूर त्याच्या भाषेतला होता, तेवढा त्याने इमानाने अमलात आणला होता.

यात चूक कुणाची, यावर मतदान झाले असते तर सचिव पडले असते, म्हणून ते घाईने म्हणाले, “दुसरा कुठलाही सिनेमा आणला असता, तर दूध गोड झाले असते.” हा युक्तिवाद मी आजही खोडून काढू शकलेलो नाही.

मध्यंतरानंतरची मते अगोड दुधावरच पोसलेली होती, हे लक्षात घेतले पाहिजे. नोटप्रेसमधून निवृत्त झालेल्या आजोबांनी उभी हयात छापील कागदातले दोष हुडकण्यात घालवली आहे आणि अजूनही ते लग्नपत्रिका उजेडासमोर धरून वाचतात. त्यांनी वयांचा हिशेब मांडला. मुलगी ३४ची, नवरामुलगा ६४चा, आणि मुलीचे वडील ५८चे. म्हणजे जावई सासऱ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. “आता वाकून नमस्कार कुणी कुणाला करायचा?” त्यांनी गंभीरपणे विचारले. कुणी हसले नाही, कारण प्रश्न खरोखरच अडचणीचा होता. अधिकमासात जावयाला तेहेतीस अनारसे द्यायचे तर आधी त्याच्या रक्तातली साखर तपासून घ्यावी लागेल, अशी पुढची अडचण काकूंनी काढली. हे वर्मा दिल्लीचे, त्यांच्यात अनारसे देत नाहीत, असे मी म्हणालो, तेव्हा त्या मुलीविषयी उरलीसुरली सहानुभूतीही संपली.

सासऱ्याचे काम परेश रावल यांनी केले आहे. ते गांधींना मानणारे असतात आणि लग्नाला विरोध म्हणून उपोषणाला बसतात. स्वयंपाक्याला नमवायचे तर न जेवण्यासारखे हत्यार नाही, हा मला त्यातला फार सुरेख विनोद वाटत आला आहे. पण तो मला मनातल्या मनातच भोगावा लागला. आमच्या सोसायटीत बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले एक गृहस्थ नेमके ५८ वर्षांचे आहेत, त्यांची मुलगी पुण्याला नोकरी करते आणि लग्नाचा विषय काढला की फोन ठेवते. उपोषण सुरू होताच त्यांनी हातातला दुधाचा पेला खाली ठेवला. गच्चीवर एक आदरयुक्त शांतता पसरली. मग त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “काही सत्याग्रह वगैरे नाही, त्यांना मुळात दूधच आवडत नाही.”

एका बाईंचे मत मात्र मी पुन्हा पुन्हा आठवतो. त्यांचा मुलगा हॉटेल मॅनेजमेंट करून तीन वर्षांपूर्वी लंडनला गेला आणि तिथल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कांदे चिरण्यापासून सुरुवात करून आता तंदूरपर्यंत पोहोचला आहे. त्या पूर्ण वेळ अमिताभकडे नव्हे, तर त्याच्या पाठीमागच्या रस्त्याकडे पाहत होत्या. लाल बस गेली की पुढे झुकत होत्या. चित्रपट संपल्यावर मी भीतभीत विचारले, तेव्हा म्हणाल्या, “चांगला आहे. पण हा स्वतः जेवतो कधी, ते कुठे दाखवलेच नाही.” मग थोडे थांबून म्हणाल्या, “आणि इतका वेळ छत्री घेऊन फिरायला यांना सुट्टी कोण देतो?”

शेवटाकडे ती शेजारची लहान मुलगी जाते. गच्चीवर हुंदके ऐकू आले, आणि मला वाटले की आता तरी चित्रपटाला न्याय मिळेल. झाले उलटेच. हलकाफुलका म्हणून फसवून बोलावले आणि सणासुदीला रडवले, असा आरोप माझ्यावर नव्याने दाखल झाला. सर्वांत कडक मत तर त्या रात्री गावालाच गेलेल्या एका गृहस्थांनी दिले. त्यांनी सिनेमा आजवर पाहिलेला नाही आणि दूधही प्यायलेले नाही, त्यामुळे त्यांच्या मतात कसलीच भेसळ नव्हती. पुढचा आठवडाभर लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये कुरकुरत जाताना मला रोज कुणी ना कुणी परीक्षण ऐकवत असे, आणि लिफ्टमधून पळता येत नाही.

माझ्या पत्नीने तेवढे काही मत दिले नाही. तिने घरी आल्यावर मिठाच्या आणि साखरेच्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. वीस वर्षे ओट्याकडे न फिरकणाऱ्या माणसाच्या घरात त्या चिठ्ठ्या कुणासाठी, हे मी विचारले नाही.

रविवारी कार्यकारिणीची मिसळ होती. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा, वर भाजलेला पापड, बाजूला दही. तोंडात जाळ असताना माणसे फार बोलू शकत नाहीत, हे हेरून मी पुढच्या वर्षासाठी ‘राजा हरिश्चंद्र’ सुचवला. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे आणि आपण पाहुण्यांना तिथे नेतो, पण १९१३ सालचा तो चित्रपट आपल्यापैकी कुणी पाहिलेला नाही, असे मी सांगितले. शिवाय तो मूकपट आहे, म्हणजे स्पीकरचा आणि टोपणनावांचा प्रश्नच येत नाही. आज त्याचा थोडाच भाग शिल्लक आहे, त्यामुळे दूध थंडही होणार नाही.

केटररनी पाव बुडवता बुडवता विचारले, “त्यात स्वयंपाकाचे काही आहे का?”

मी म्हणालो, “फाळक्यांना तारामतीच्या कामाला बाई मिळेना, तेव्हा त्यांनी ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना उभे केले. आणि सगळ्या मंडळींचे जेवण घरी सरस्वतीबाई रांधत होत्या.”

केटररनी समाधानाने मान हलवली. हॉटेलातला माणूस थेट राणी होतो, ही गोष्ट त्यांना लंडनच्या शेफपेक्षा कितीतरी पटण्यासारखी वाटली. सचिवांनी नवा पाव कागद काढला आणि लिहायला घेतले. तेवढ्यात नोटप्रेसचे आजोबा पापडाचा तुकडा उजेडासमोर धरून म्हणाले, “हरकत नाही. पण त्या हरिश्चंद्राचे आणि तारामतीचे वय किती, ते आधी बघून ठेवा.”