साप चावला तर नागवाकी आधी उतरवा

नागपंचमी जवळ आली की फिरणारा एक मेसेज यंदा शिराळा भागातल्या भांगलणीला जाणाऱ्या बायकांच्या बचतगटात पोहोचलाय, म्हणून गप्प बसता येत नाही. त्यातला दावा असा: नागवाकी हा पाच हजार वर्षांपूर्वीचा विषरोधक दागिना आहे, ती दंडाची नाडी दाबते आणि विष हृदयापर्यंत चढत नाही. चांदी विष ओढून काळी पडते. क्लिओपात्राने ही कला भारतातून नेली.

आधी नाडीचं बघू. शेतात साप बहुतेकदा पावलाला नाहीतर घोट्याला चावतो. दंडावरची वाकी तिथं काय करणार? हाताला चावला तरी मोकळ्या टोकांची, बोट सरकेल इतकी सैल वाकी काहीच अडवत नाही. मेसेज वाचून कुणी ती चिमटून घट्ट केली, तर मात्र खरा घात आहे. घोणस चावली की हात झपाट्याने सुजत जातो आणि धातू तसूभर सरकत नाही. तो मांसात रुततो, रक्त अडतं, बोटं काळीनिळी पडतात. विषातून वाचलेला हात या फासानं जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशियासाठीच्या 2016 च्या मार्गदर्शिकेत घट्ट आवळून बांधू नये, असं स्पष्ट लिहिलंय.

म्हणून दंश झाल्याबरोबर, सूज चढायच्या आत, वाकी, बांगड्या, अंगठ्या, जोडवी, पैंजण सगळं उतरवा. चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा, 108 ला फोन करा. कुणी आधीच दोरी आवळली असेल तर घरी सोडू नका. अडलेलं विष एकदम अंगात जातं, नाग किंवा मण्यार असेल तर श्वास बंद पडू शकतो. ती डॉक्टरांसमोरच सुटू द्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं आणि ते सलाईनमधून देतात. लहान मुलालाही मोठ्यांइतकंच लागतं, कारण मूल बघून साप विष कमी सोडत नाही.

चांदी काळी पडते ती घामातल्या आणि हवेतल्या गंधकामुळे. पेटीत ठेवलेलीही पडते.

नागाचं चिन्ह जुनं आणि रक्षणाचं आहे, एवढं मात्र मान्य करावं लागतं. चोळकालीन नटराजाच्या हाताला नागाचा वेढा आहेच. पण क्लिओपात्रा इ.स.पू. 30 मध्ये वारली आणि तिच्या कितीतरी आधीपासून ग्रीक सोनार सर्पकडी घडवत होते. पाँपेईजवळ 2000 साली सापडलेल्या सोन्याच्या सर्पकड्यावर आतून ‘मालकाकडून आपल्या दासीला’ असं कोरलंय. विषाचं नाव नाही.

हौसेनं नागवाकी जरूर घ्या. फक्त सोनाराला फिरकीची, एका हातानं उघडेल अशी मागा आणि शेतात जाताना घरी ठेवा.