घर कुणाचे, भीती कशाची

वृद्ध माणसाची चौकशी करताना आपण पहिल्यांदा विचारतो, "मुलाकडे असता की एकटेच?" 'मुलाकडे' म्हटले की ऐकणाऱ्याला बरे वाटते, 'एकटी' म्हटले की तो हळहळतो. सोलापूरची शिकलेली मुले पुण्याला स्थायिक होऊ लागल्यापासून ही हळहळ फार वाढली आहे आणि माझ्या मते ती पुष्कळदा अनाठायी असते.

मृत्युभय मोजणारी मानसशास्त्रज्ञ टेम्पलर यांची १५ विधानांची प्रश्नावली १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हापासून अनेक पाहण्यांत स्त्रियांचे मृत्युभय पुरुषांपेक्षा जास्त आढळले आहे. त्यावरून बायकांना भित्र्या ठरवण्याची घाई करू नये. कोलेट आणि लेस्टर या संशोधकांनी १९६९ मध्येच मरणाची भीती आणि मरेपर्यंतच्या यातनांची भीती वेगवेगळ्या मोजल्या होत्या, शिवाय स्वतःच्या आणि जिवलगांच्या मरणाची भीतीही वेगळी धरली होती. "हातपाय चालताहेत तोवर ने रे देवा" असे म्हणणाऱ्या बाईला मरणाचे भय नसतेच. अंथरुणाला खिळल्यावर आपले करणार कोण, हा तिचा प्रश्न असतो. नवऱ्याचे तिने केलेले असते, पण तो बहुधा वयाने मोठा, म्हणून आधी जातो आणि तिची पाळी येते तेव्हा सून किंवा परके हातच उरतात. अहेवपणी मरण मागण्याची जुनी रीतही मला याच धास्तीतून आलेली दिसते. (बायकोआधी मरण यावे म्हणून पुरुष व्रत करत नाही, त्याला ते बहुतेक वेळा न मागताच मिळते.)

बायको आधी गेलीच, तर पुरुषाची अवस्था वेगळी होते. औषधांच्या वेळा, नातेवाइकांची ये-जा, मुलांचे फोन, सारे तिच्यामार्फत चाललेले असते. भरल्या घरातही तो एकटा पडतो आणि भीती वाटते असे म्हणण्याची त्याला सवय नसते.

मानसशास्त्रज्ञ कॅरॉल रिफ यांनी १९८९ मध्ये मानसिक स्वास्थ्याची जी सहा अंगे मांडली, त्यांत माणसांशी जिव्हाळ्याच्या नात्याबरोबर स्वायत्तता आणि भोवतालावरची पकडही आहे. आपण सोबतीचा हिशेब करतो आणि या दोन गोष्टी सोडून देतो. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार स्त्रियांसाठी १० हजार घरांची वसाहत उभी राहिली. आयुष्यभर विड्या वळून तिथे स्वतःचे घर केलेली बाई एकटी राहत असली, तरी सिद्धेश्वराला कधी जायचे आणि भाकरी कधी टाकायची हे तीच ठरवते. पुण्यातल्या फ्लॅटमधल्या आईला हे दोन्ही विचारून करावे लागत असेल, तर तिच्या सोबतीचे कौतुक मी करणार नाही.

आई-वडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता मुलांनी अट मोडल्यास परत मिळवण्याची सोय देतो. मात्र जिच्या नावावर कधी काही नव्हतेच, तिला या तरतुदीचा उपयोग नाही. म्हणून आईला पुण्याला नेणाऱ्यांनी सोलापूरचे घर लगेच विकू नये, आणि वडिलांच्या हयातीतच त्यावर तिचे नाव लावून घ्यावे.