ऑर्किडवर फवारा मारण्याआधी मुळं बघा

ऑर्किड पाळणाऱ्यांत एक सल्ला सतत फिरत असतो: ‘ऑर्किडला ८० टक्के आर्द्रता लागते, ती घरात नसते. म्हणून दिवसातून तीनदा पानांवर पाणी फवारा, कुंडीखाली खडे आणि पाणी घातलेली थाळी ठेवा, पानं सुरकुतली की पाणी वाढवा. तरी जमेना तर झाड काचेच्या बंद पेटीत ठेवा.’ सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण यामुळे धडधाकट झाडं दगावतात.

‘८० टक्के लागते.’ कुठल्या ऑर्किडला? घरोघरी दिसणारं फॅलेनॉप्सिस ४० ते ५० टक्क्यांतही वर्षानुवर्षं फुलतं. त्याची पानं जाड असतात आणि पानांवरची छिद्रं ते मुख्यतः रात्री, हवा गार असताना उघडतं, त्यामुळे पाणी कमी उडतं. ड्रॅक्युला, मास्डेव्हॅलिया यांसारख्या पातळ पानांच्या जातींना मात्र ७०-८० टक्के खरोखरच लागतात, आणि जोडीला गारवाही. या दोन टोकांना एकच आकडा लावून कसं चालेल?

शिवाय तापमान सांगितल्याशिवाय या आकड्याला अर्थ नाही. २० अंशांना ६० टक्के आर्द्रता असलेली खोली ३० अंशांपर्यंत तापली, तर हवेतली वाफ तेवढीच राहूनही आर्द्रता ३४ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे तापलेल्या काचेपासून किंवा एसीच्या झोतातून कुंडी हलवली, तरी फवाऱ्यापेक्षा जास्त फरक पडतो. आधी मोजा, आणि मोजण्याआधी हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं उपकरण) तपासा: बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद पिशवीत ८ तास ठेवा. खोलीच्या तापमानाला त्याने ७५ दाखवायला हवं. ६८ दाखवलं, तर पुढच्या वाचनात ७ मिळवायचे.

‘तीनदा फवारा.’ बारीक थेंब काही मिनिटांत उडून जातात आणि हवा होती तशी होते. मुळांनाही त्याचा फारसा उपयोग नाही. ऑर्किडच्या मुळांवर पांढरट, स्पंजासारखं आवरण असतं. ते पूर्ण भिजलं की मूळ हिरवं दिसतं. फवाऱ्याने नुसते ठिपके हिरवे होतात आणि लगेच परत चंदेरी पडतात. नुकसान होतं ते वेगळीकडे. मधल्या कोवळ्या पानाच्या बेचक्यात पाणी साचतं, रात्रभर राहतं, आणि तिथे जिवाणू शिरतात. पानाचा तळ तपकिरी, पाणचट होतो. हलकं ओढलं तरी पान हातात येतं. फॅलेनॉप्सिसला वाढीचा शेंडा एकच असतो, त्यामुळे तो कुजला की बहुधा झाड गेलंच. बेचक्यात पाणी गेलं असेल, तर टिश्यूपेपरची वात करून लगेच टिपून घ्या. लाकडाच्या फळीवर बांधलेल्या ऑर्किडला सकाळी फवारा जरूर द्या, पण मुळं पूर्ण हिरवी होईपर्यंत.

‘खाली पाण्याची थाळी.’ थाळीच्या वर चार बोटं थोडासा फरक पडतो, पंखा लागला की तोही जातो. पाणी कुंडीच्या भोकाला टेकलं, तर तळाची मुळं कुजतात. थाळी ठिबकणारं पाणी झेलण्यापुरती ठीक.

‘पानं सुरकुतली, पाणी वाढवा.’ सगळ्यांत घातक हेच. पान सुरकुततं तेव्हा पाणी पानापर्यंत पोचत नसतं, आणि कुंडी ओली असूनही असं होत असेल, तर मुळं कुजलेली असतात. हवेला दोष देऊन पाणी वाढवलं की उरलेली मुळंही जातात. झाड कुंडीतून काढा आणि एकेक मूळ बोटांत दाबा. जिवंत मूळ टणक लागतं. मेलेलं पोकळ, पिचपिचीत असतं. ओढलं की साल निघून येते आणि हातात दोरा उरतो. असं मूळ ज्योतीवर तापवून गार केलेल्या कात्रीने कापा.

टणक मुळं बऱ्यापैकी उरली असतील, तर नवं मिश्रण भरा: १० ते १५ मिलिमीटरची झाडाची साल तीन भाग, स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) एक भाग. हवा कोरडी असेल तर नुसती साल फार लवकर वाळते, नुसता मॉस मधोमध ओला राहतो. कुंडी पारदर्शक प्लॅस्टिकची घ्या. आतली मुळं चंदेरी झाली आणि कुंडीच्या भिंतीवर दव दिसेनासं झालं, की १० मिनिटं पाण्यात बुडवा आणि पूर्ण निथळू द्या. हवा जितकी कोरडी, तितकी ही पाळी लवकर येते. कोरडेपणाची बरीचशी भरपाई इथेच होते.

जवळजवळ सगळी मुळं गेली असतील, तेव्हा मात्र दमट हवा खरोखरच लागते. मॉस भिजवून थेंब पडेनासा होईपर्यंत पिळा, त्यावर झाड बसवा, पारदर्शक पिशवीत बंद करा आणि उजेडात, पण उन्हापासून दूर ठेवा. एक दिवसाआड पिशवी १० मिनिटं उघडा. नवी मुळं यायला कित्येक आठवडे लागतात. ती ४-५ सेंटिमीटरची झाली की सालीत लावा. जुन्या पानांच्या सुरकुत्या बहुतेक तशाच राहतात, त्यावरून निराश होऊ नका. नवं पान कसं येतंय ते बघा.

‘बंद पेटी.’ पातळ पानांच्या जातींसाठी पेटी हाच खरा उपाय आहे, पण पूर्ण बंद नको. हवा हलली नाही की पानांवर पाणी तसंच राहतं आणि डाग पडतात. झाकणाला बोटभर फट ठेवा आणि आत ५ व्होल्टचा, संगणकात असतो तसा छोटा पंखा सतत चालू ठेवा; त्याचा झोत काचेवर सोडा, झाडावर नको. वाफेसाठी अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर लावलात, तर त्यात आरओचं पाणी घाला, नाहीतर क्षारांची पांढरी भुकटी पानांवर बसते. आणि पेटीवर थेट ऊन येऊ देऊ नका. काचेआड तापमान इतक्या झपाट्याने चढतं की एका दुपारीच पानं भाजून निघतात.